लाल शाईतला प्रश्न

माझं अक्षर चांगलं आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या अक्षराचा मोठा वाटा आहे. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका महापालिकेच्या शाळेत मी एकवीस वर्षं मराठी शिकवते आहे. या एकवीस वर्षांत फळ्यावरची तारीख आणि सुविचार बघून तपासणीला आलेले साहेब दारातच खूश होत आले. मुलांना काय लिहिता येतं हे बघायची वेळ त्यांच्यावर फारशी आली नाही, आणि मीही ती येऊ दिली नाही.

निबंधाची आमची रीत ठरलेली होती. मी फळ्यावर निबंध लिहायचा, मुलांनी तो उतरवून घ्यायचा, पाठ करायचा आणि परीक्षेत परत लिहायचा. बेचाळीस मुलांच्या बेचाळीस आया पहाटे पाचला उठायच्या, दिवसभर राबायच्या आणि सगळ्यांना फार फार आवडायच्या. एका मुलीची आई ती तीन वर्षांची असतानाच गेली होती. तिनंही तोच निबंध लिहिला, आणि मी तिला दहापैकी सात दिले.

गेल्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर आमचं एक प्रशिक्षण झालं. शिकवायला आलेली मुलगी माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची होती. तिनं मोबाइलमधलं एआय दाखवलं. मुलाच्या वहीच्या पानाचा फोटो काढायचा, की ते कसलंही वाकडंतिकडं अक्षर वाचतं आणि तीन गोष्टी लिहून देतं: एक चांगलं काय आहे, एक दुरुस्ती, आणि मुलानं पुढं लिहावं म्हणून एक प्रश्न. आधी तुम्ही वाचायचं, मग फोटो काढायचा, मग मशीन काय म्हणतं ते पडताळायचं आणि पटलं तरच मुलाला द्यायचं, असं तिनं तीनदा बजावलं. मी ते तिन्ही वेळा डायरीत लिहून घेतलं, सुंदर अक्षरात.

सुरुवातीला मी सांगितल्याप्रमाणे केलं, हे खरं आहे. दर शुक्रवारी बेचाळीस वह्या गोळा करायच्या, दोन दिवस वाचायच्या, सोमवारी परत द्यायच्या. पण मुलांकडे काही तो मोबाइल नव्हता, आणि मुख्याध्यापकांचा हुकूम होता की शेरा वहीतच दिसला पाहिजे. म्हणून मशीननं दिलेलं मी माझ्या हातानं, लाल पेननं वहीत उतरवायला लागले. त्यात मतदार याद्यांचं काम आलं, आहाराच्या नोंदी आल्या, रोज नवी ऑनलाइन माहिती मागणारे मेसेज आले. दिवाळीनंतर मी वाचणं सोडलं. कधी सोडलं ते नेमकं सांगता येणार नाही. एका शनिवारी दहा वह्या न वाचता झाल्या, पुढच्या शनिवारी सगळ्या. फोटो काढायचा, आलेलं उतरवायचं, खाली सही करायची. आयुष्यभर मुलांनी माझं उतरवून घेतलं होतं, आता मी मशीनचं उतरवत होते.

आणि मुलं सुधारली. हे मला लपवायचं नाही. ज्यांच्या पाच ओळी व्हायच्या ती दीड पान लिहायला लागली. सोमवारी वह्या वाटल्या की वर्ग गप्प व्हायचा. लाल अक्षरावर हात आडवा धरून, शेजाऱ्याला दिसू नये अशा बेतानं मुलं आपापला शेरा वाचायची. एकवीस वर्षं मी ‘छान’ आणि ‘अक्षर सुधारा’ एवढंच लिहीत आले होते. त्यांना पहिल्यांदाच वाटलं की कुणीतरी आपलं मन लावून वाचतंय.

मला मात्र धास्ती बसली होती. मधल्या सुट्टीत एखादं मूल येऊन म्हणे, मॅडम, बकरीचं पिल्लू वाचलं बरं का. मी म्हणायची, अरे वा. कुठली बकरी, तिला काय झालं होतं, मला पत्ता नसायचा. वहीत लिहिलं असणार, आणि मी ‘पुढे काय झालं ते कळव’ असं लाल शाईत लिहिलं असणार. मुलं घोळक्यानं आली की मी हजेरीपटात डोकं घालायची. मी मुळात तापट आहे; मग उगाच कुणाच्या तरी गणवेशावरून ओरडायची आणि त्यांना पांगवायची.

त्या वर्गात एक सडपातळ, कमी बोलणारी मुलगी होती. हात वर करायची नाही, पण वही सगळ्यांत आधी आणून ठेवायची. मशीन तिच्यासाठी नेहमी लांबलचक लिहायचं, त्यामुळे तिची वही हातात आली की मला कंटाळा यायचा. तिच्याबद्दल माझं ज्ञान एवढंच होतं.

जानेवारीत अमरावतीहून निरोप आला. विभागाची कार्यशाळा होती, एआय वापरून लेखन सुधारलेल्या शाळांनी वह्या घेऊन यायचं होतं, आणि आमच्या शाळेतून मी बोलणार होते. कार्यशाळा शनिवारी होती. शुक्रवारी मी चांगल्या वह्या निवडायला बसले. निवडायला म्हणजे जाड झालेल्या. ती मुलगी टेबलाशी आली, वही ठेवली आणि तिथंच उभी राहिली.

“मॅडम, तुमी लिवलं होतं तसं मी बाबाले इचारलं,” ती म्हणाली.

“शाब्बास,” मी म्हणाले आणि वही पिशवीत टाकली.

ती आणखी थोडा वेळ उभी होती. मी भाषणाचे मुद्दे लिहीत होते. मान वर केली तेव्हा ती जागेवर जाऊन बसलेली होती.

अमरावतीत कार्यक्रम छान झाला. मी बोलले, टाळ्या पडल्या, शाळांनी आणलेल्या वह्या एका लांब टेबलावर मांडल्या. जेवणाच्या सुट्टीत लोक मसालेभाताची ताटं हातात घेऊन पानं चाळत होते, माझं अक्षर बघून माना डोलावत होते. एका निवृत्त शिक्षिकेला पाहुण्या म्हणून बोलावलं होतं. त्यांनी ताट घेतलं नाही. जाड भिंगाचा चष्मा लावून त्या माझ्या कमी बोलणाऱ्या मुलीची वही वाचत उभ्या राहिल्या. एक पान, दुसरं, तिसरं. एवढा वेळ त्या काय वाचताहेत म्हणून मी जवळ गेले.

“हिच्या वडिलांचं पुढे काय झालं हो?” त्यांनी विचारलं.

“कुणाच्या?”

“हिच्याच. ज्यांना तुम्ही विचारायला लावलंत.”

मी काहीतरी बोलले. हो, आता ठीक आहे, असलं काहीतरी. त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे बघितलं, वही मिटून माझ्या हातात दिली आणि हात धुवायला निघून गेल्या. मला वाटतं त्यांना कळलं होतं. त्यांनीही कधीतरी न वाचता सह्या केल्या असतील.

दुपारचं सत्र सोडून मी एसटी पकडली. बडनेरा मागे पडायच्या आत मी वही उघडली होती. चालत्या गाडीत वाचलं की मला मळमळतं, तरी वाचत राहिले.

पहिल्या लेखाचा विषय मीच दिला होता, शाळेत येताना काय दिसतं. तिनं वाटेवरची बाग लिहिली होती. बागेत एक माणूस बाकावर बसतो, त्याच्या शेजारी जेवणाचा डबा असतो, तो डबा उघडत नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाठ करून बसतो. खाली माझ्या वळणदार अक्षरात होतं: ‘माणसाचं वर्णन बारकाईनं केलंस. तो कोण असावा?’ पुढच्या आठवड्यात तिनं विषय सोडून उत्तर लिहिलं होतं. तो माणूस माझे बाबा आहेत. ते सकाळी आठला दालमिलमध्ये जातो असं सांगून निघतात. आईला हे माहीत नाही. खाली मी: ‘धाडसानं लिहिलंस. त्यांना तिथं बघून तुला काय वाटलं?’ तिनं लिहिलं होतं की मी मान खाली घालून लवकर लवकर चालते, बाबांना लाज वाटू नये म्हणून. एकदा त्यांनी मला पाहिलं आणि त्यांनीही मान खाली घातली. घरी आम्ही दोघंही काही बोललो नाही. खाली मी: ‘मनाला भिडणारं लिहिलंस. बाबा तिथं का बसतात, हे तू त्यांना विचारलंस का? विचारून बघ आणि त्यांचं उत्तर लिही.’ आणि खाली सही. माझी.

मधल्या एका सोमवारी शाळेला सुट्टी होती, म्हणून तिनं दोन आठवडे थांबून शेवटचं पान लिहिलं होतं. ते छोटं होतं. मी गुरुवारी जेवताना विचारलं. बाबा ताटावरून उठले. आईने विचारलं, तुला हे कोणी विचारायला सांगितलं. मी सांगितलं, मॅडमनी.

मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली. लोक चहाला उतरले, मी बसून राहिले. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं की शुक्रवारी ती टेबलाशी उभी होती तेव्हा हे झालं होतं, आणि मी तिला शाब्बास म्हणाले होते. मशीनला दोष द्यावा असंही वाटलं. पण मशीननं तिचं प्रत्येक वाक्य वाचलं होतं आणि कुणालाही सुचेल असाच प्रश्न विचारला होता. त्याला तिचं घर ठाऊक नव्हतं. मला ते ठाऊक असायला हवं होतं, म्हणून तर मला मधे ठेवलं होतं.

अकोल्याला उतरले तेव्हा चार वाजले होते. माझं घर जठारपेठेत, पण मी तशीच रिक्षा करून मोर्णा नदीपलीकडे गेले. शाळेच्या हजेरीतला पत्ता तोंडपाठ होता, कारण तो दरवर्षी मीच लिहिते. दार तिच्या आईनं उघडलं. मुलगी आत भिंतीला टेकून बसली होती, मला बघून उठून उभी राहिली. आईनं मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग कळलं ते असं की तिचे वडील शुक्रवारी सकाळी डबा न घेता घरातून गेले होते आणि अजून आले नव्हते. फोन बंद होता. मिलमध्ये चौकशी केली तर दीड महिन्यापूर्वीच काम सुटल्याचं समजलं.

ती बाई माझ्यावर चिडेल अशी तयारी करून मी गेले होते. तिनं माझ्यासमोर खाली बसत विचारलं, “मॅडम, तुमाले तं सगळं पयलेपासून मालूम होतं. थे कुठी गेले असतीन, काही अंदाज हाय का तुमाले?”

मी नाही म्हणाले. एवढंच. मी वाचलंच नव्हतं, हे वाक्य जिभेवर आलं होतं, पण मुलगी बघत होती. मी भित्री आहे, हे मला त्या खुर्चीत बसून समजलं. वर्गात आवाज चढवणारी बाई तिथं चहा नको, चहा नको एवढंच म्हणत राहिली.

रविवार कसा गेला ते सांगवत नाही. सकाळी मी भाजी आणायला म्हणून निघाले आणि मोर्णेच्या पुलावर जाऊन उभी राहिले. पाणी थोडं होतं, त्यात जलपर्णी आणि कचरा. मी कशासाठी खाली बघतेय हे माझ्या लक्षात आलं आणि मला माझीच भीती वाटली. दुपारी दोनदा त्यांच्या घरी फोन लावला, उचलला गेला नाही. तो माणूस मी आयुष्यात कधी पाहिला नव्हता. पालकसभेला नेहमी आई यायची. तरी त्याचा डबा, त्याची पाठ, तो बाक मला नीट दिसत होता, कारण मुलीनं लिहिलंच तसं होतं.

सोमवारी पहिला तास संपताना शिपाई सांगत आला की एक पालक भेटायला आलेत. व्हरांड्यात एक उंच, वाळका माणूस चपला काढून उभा होता. चेहरा मुलीसारखाच, त्यावरून मी ओळखलं. मी त्यांना शिक्षक-खोलीत नेलं, तिथं त्या वेळी कुणी नव्हतं.

ते सावकाश बोलले. मूर्तिजापूरला साळ्याकडे गेलो होतो म्हणाले. तोंड दाखवायची हिंमत होईना, म्हणून बहिणीला कळवू नको अशी साळ्याला शपथ घातली. काल दुपारी साळ्यानंच गाडीत बसवून आणून सोडलं. घरी सगळं सांगितलं. मिलमध्ये नवीन मशीन आली, तिला कॅमेरे आहेत, ती दाणा न् दाणा बघते आणि काळा दाणा फुंकून बाहेर टाकते. चाळणीवर आठ माणसं होती, आता दोन आहेत. उद्या दुसरं काम मिळेल, परवा मिळेल, करता करता दीड महिना गेला. एकदा खोटं सांगून बाहेर पडलं की दुसऱ्या दिवशी खरं सांगणं जास्त अवघड होतं. ते मला समजत होतं, फार चांगलं समजत होतं.

मग त्यांनी हात जोडले. “पोरगी म्हने, मॅडमले महिनाभरापासून सगळं माहीत हाय. तुमी कोनाजवळ एक शब्द बोलल्या नाई. शाळेतून गोष्ट मोहल्ल्यात याले येळ लागत नाई, मॅडम. थे तुमचे उपकार हायेत.”

मी न वाचलेल्याचे ते उपकार होते. हे मला सहन होईना. मी त्यांना खरं सांगितलं. शेरे माझे नव्हते, मी फक्त उतरवत होते, तिचं लिहिलेलं मी पहिल्यांदा परवा एसटीत वाचलं. त्यांचे जोडलेले हात हळूहळू खाली आले.

“मंग वाचलं कोनं?”

आतापर्यंत मी तो शब्द टाळला होता. ज्या माणसानं पाच मिनिटांपूर्वी मला दाणे निवडणाऱ्या कॅमेऱ्यांबद्दल सांगितलं, त्याला काय सांगायचं. पण दुसरा शब्दच नव्हता.

“मशीननं,” मी म्हणाले.

ते उठले आणि दाराकडे निघाले. ओरडतील, मुख्याध्यापकांकडे जातील, असं मला वाटलं. मनातून मला ते हवंही होतं. त्यांनी चपला घालायला व्हरांड्यात जाता जाता विचारलं की हे मुलीला सांगितलं का. मी म्हणाले, आज सांगणार आहे.

“नका सांगू,” ते म्हणाले. “थे तुमच्यासाठी लिवून राह्यली. तिले वाटते कोनीतरी वाचते. तिचं लिवनं बंद व्हाले नको. पन आतापासून वाचत जा, मॅडम.”

मी त्यांना तसा शब्द दिला. तेव्हापासून मी वाचते. मशीन बंद केलेलं नाही, त्याचं म्हणणं शेवटी बघते. पण आधी मी वाचते, आणि शेरा माझा मीच लिहिते. बेचाळीस वह्या दोन दिवसांत होत नाहीत, म्हणून रोज आठ-नऊ घेते. वाचताना अंगावर काटा येतो असं पुष्कळ त्या वह्यांत आहे आणि ते कित्येक महिन्यांपासून तिथं पडून होतं. बकरीचं समजलं. आई नसलेल्या मुलीनं आईबद्दल काय लिहिलं तेही समजलं. शेरा लिहायला मात्र मला जमत नाही. पेन टेकवलं की ‘छान लिहिलंस’ एवढंच येतं. काही विचारायची भीती वाटते. माझ्या प्रश्नाचं त्यांच्या घरी काय होईल, कुणी सांगावं. मग मी ‘आणखी लिही’ असं लिहून सही करते.

तिचे वडील आता एका गोदामात कामाला जातात, रोज डबा घेऊन. ती लिहिते, पण थोडं थोडं. परवाच्या शुक्रवारी वह्या ठेवून सगळे गेले तरी ती टेबलाशी थांबली. या वेळी मी पेन खाली ठेवलं आणि तिच्याकडे बघितलं. काय झालं, विचारलं.

“काही नाई, मॅडम,” ती म्हणाली. “पयले तुमी मन लावून वाचत होत्या.”

मी तिची वही ढिगातून वर घेतली. तिच्या वडिलांना दिलेला शब्द आहे, आणि तो मोडला तरी तिला काय सांगणार. तिची वही माझ्यासमोर उघडी आहे. तीनदा वाचून झाली. सोमवारी ती परत द्यायची आहे आणि खालची जागा अजून कोरी आहे.